पद्मिनी-अँबेसिडर निळा धूर सोडते? बोअर करण्याआधी एवढं तपासा

जुनी गाडी धूर सोडायला लागली की गॅरेजात पहिलं वाक्य ठरलेलं: ‘बोअर करावा लागणार,’ म्हणजे इंजिन उतरवून झिजलेले सिलिंडर आतून कातून मोठे करायचे. पुष्कळदा दोष असतो हेडमधल्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातल्या, व्हॉल्व्हच्या सीलचा, खालचं इंजिन ठणठणीत असतं. इंजिन उतरवण्याआधी दोन रविवार तपासणीला द्या.

आधी रंग बघा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त: चोक अडकलाय, कार्बोरेटरमधल्या फ्लोटची पातळी चढलीय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. मुंबईहून आणलेल्या गाडीचा कार्बोरेटर समुद्रसपाटीला लावलेला असतो. बेळगाव साधारण साडेसातशे मीटरवर, त्यामुळे इथे मिश्रण थोडं जड होतंच. पांढऱ्या धुराला लगेच घाबरू नका. पावसाळी सकाळी पहिली पाच मिनिटं निघते ती वाफ. इंजिन तापल्यावरही तो थांबला नाही आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर संशय हेड गॅस्केटवर. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं. गाडी एकदा चांगली उकळली की वाकायला वेळ लागत नाही. डिपस्टिकवर ऑइल ताकासारखं दिसलं तर गाडी जागची हलवू नका. नुसत्या फिलर कॅपच्या आत फेस असेल तर तो बहुधा गावातल्या छोट्या फेऱ्यांचा ओलावा. खानापूरपर्यंत एक चक्कर मारा, जातो.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. किती, ते मोजा. सपाट जागी, गार इंजिनात वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा. 500 किलोमीटरनंतर पुन्हा त्याच खुणेपर्यंत मापाने भरा. 1000 किलोमीटरला 250–300 मिली जुन्या इंजिनाला चालून जातं. लिटरभर लागलं तर काम निघालं. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका, म्हणजे गळती किती तेही कळेल. पातळी उलट वाढली आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) फाटलाय. पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवली तर बेअरिंग जातील.

आता ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी, काढून रॉकेलने धुवा. तो तुंबला की आतला दाब ऑइलला मिळेल त्या वाटेने बाहेर ढकलतो. फुकटातलं काम, आणि हेच सगळ्यात जास्त राहून जातं.

खरी परीक्षा घाटात. चोर्ला घाटात साखळीकडे उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून किलोमीटरभर या आणि सपाटीला लागताच पाय दाबा. मागच्या गाडीत लक्ष ठेवणारा माणूस हवा. तेव्हा निळा लोट उठला तर दोष व्हॉल्व्हच्या गाईडचा (ज्या नळीत व्हॉल्व्हचा दांडा सरकतो ती) किंवा सीलचा: थ्रॉटल बंद असताना व्हॅक्यूम वाढतो आणि ऑइल गाईडमधून ओढलं जातं. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी एकच फुसका सोडला तरी तेच. परत चढताना लोडवर सतत निळा धूर असेल तर मात्र पिस्टनवरच्या रिंगा किंवा बोअर झिजलाय.

पक्कं करायला कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. पाच-सहा फेरे सेल्फ मारा आणि आकडे लिहून ठेवा. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. 15 टक्क्यांपर्यंत सोडून द्या. कमी आकडा आलेल्या सिलिंडरात चहाचा एक चमचा इंजिन ऑइल घालून पुन्हा घ्या. आकडा चांगला वर गेला तर रिंगा. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. काढलेले प्लगही बघून घ्या. ओला, चकचकीत काळा म्हणजे ऑइल. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल. एक मेख आहे: ऑइल रिंग कार्बनने जाम झाली तरी कॉम्प्रेशन चांगलं येऊ शकतं. म्हणून घाटातली परीक्षा टाळू नका.

अँबेसिडरच्या 1489 सीसी इंजिनात सील म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावर, कॉटरखाली (स्प्रिंग अडकवणाऱ्या खिट्टीखाली) बसणारी बारीक रबरी रिंग. उष्णतेने ती इतकी कडक होते की नखाने दाबली तर तुटते. ती बदलायला हेड उतरवावं लागत नाही. पिस्टन वरच्या टोकाच्या थोडा खाली ठेवा, प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सरकवा, एक टोक बाहेर ठेवा आणि क्रँक हाताने फिरवून दोरी घट्ट दाबा. व्हॉल्व्ह खाली पडत नाही. स्प्रिंग काढल्यावर दांडा आडवा हलवून बघा. ठळक डगमगला तर गाईडही बदला, नाहीतर नवं सील फार टिकणार नाही.

बोअरच करायचा ठरला तर ओव्हरसाईज पिस्टन आधी मिळवा आणि ते घेऊनच बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये जा. बोअर पिस्टनच्या मापाला करायचा असतो. आधी बोअर करून मग पिस्टन शोधत फिरलात, तर ब्लॉक महिनोन्‌महिने तिथेच पडून राहील. परत जोडताना एअर फिल्टरची बैठक तपासा; तिथल्या फटीतून जांबोटी रस्त्याची तांबडी धूळ आत गेली की नव्या रिंगाही लवकर झिजतात.