जळगाव ते पोर्ट ब्लेअर: हवाई अंतर स्वतः कसे काढावे

जळगाव आणि अंदमानातील पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्री विजयपुरम, यांच्यात थेट विमानसेवा नाही, त्यामुळे त्यांच्यातील अंतर वेळापत्रकात सापडत नाही. ते अक्षांश-रेखांशांवरूनच काढावे लागते. त्यासाठी वैज्ञानिक कॅल्क्युलेटर पुरेसा आहे.

खरी काळजी आकडे घेतानाच घ्यावी. जळगाव विमानतळाचे स्थान 20 अंश 57 मिनिटे 43 सेकंद उत्तर आणि 75 अंश 37 मिनिटे 36 सेकंद पूर्व असे दिलेले असते. मिनिटांना 60 ने व सेकंदांना 3600 ने भागून अंशांत मिळवले, की 20.96 आणि 75.63 मिळतात. घाईत 20 अंश 57 मिनिटांचे 20.57 केले, तर विमानतळ नकाशावर सुमारे 43 किलोमीटर दक्षिणेला सरकतो, आणि पुढचे गणित कितीही चोख केले तरी उत्तर चुकतेच. शिरपूरसारख्या धावपट्टीसाठी उपग्रह नकाशावर पट्टीच्या मध्यावरचा बिंदू घ्यावा, गावाचा घेऊ नये.

पोर्ट ब्लेअरसाठी 11.64 उत्तर आणि 92.73 पूर्व हे आकडे घेऊ. रेखांशांतील फरक 17.10 अंश येतो. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा (0.07217); दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार करावा (0.87419), आणि या दोहोंची बेरीज करावी. बेरीज 0.94636 येते. ज्या कोनाचा कोसाइन एवढा असतो तो कोन 18.85 अंशांचा आहे. एका अंशाचे 60 नॉटिकल मैल धरले, तर अंतर 1131 नॉटिकल मैल, म्हणजे 1.852 ने गुणून सुमारे 2095 किलोमीटर होते. कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवावा; एक्सेल मात्र रेडियन (कोन मोजण्याचे दुसरे एकक) मागते.

सपाट कागदावरचे पायथागोरसचे सूत्र येथे लावल्यास उत्तर सुमारे 70 किलोमीटरने जास्त येते, कारण रेखांशाचा एक अंश सर्वत्र सारखा नसतो: खान्देशात तो सुमारे 104 किलोमीटरचा, तर विषुववृत्तावर 111 किलोमीटरचा असतो. उलट जळगाव-धुळे एवढ्या जवळच्या जोडीसाठी कोसाइन 1 च्या इतका निकट येतो, की चारच दशांश ठेवल्यास वीसेक किलोमीटरचा घोळ होऊ शकतो. तेथे आठ दशांश ठेवावेत किंवा हॅव्हरसाइन हे जवळच्या अंतरांनाही अचूक राहणारे दुसरे सूत्र वापरावे.

पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने या पद्धतीत अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो, पण प्रवासाच्या अंदाजासाठी तो सोडून द्यावा. विमान प्रत्यक्षात ठरलेल्या हवाई मार्गांनी, वादळ टाळत आणि उतरण्याच्या दिशेप्रमाणे वळत जाते, म्हणून उडालेले अंतर नेहमी यापेक्षा जास्त भरते. वाटेत विमान बदलणार असाल, तर प्रत्येक टप्पा वेगळा काढून बेरीज करावी.