टर्बोच्या डबीतली स्प्रिंग: बदलायची कशी, बसवायची कशी

“गाडी चढत नही भो.” चाळीसगावहून कन्नडच्या घाटाला लागणारे पिकअपवाले माझ्याकडे बहुतेक वेळा हेच सांगत येतात. गेल्या मे महिन्यात भडगावकडून केळी भरून संभाजीनगरला जाणारा एक जण आला. तिसऱ्या गियरमध्ये चढणारी गाडी आता दुसऱ्यात कण्हते, काळा धूर ओकते. माझ्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने डिझेल फिल्टर बदलला. दुसऱ्याने टर्बोच्या डबीचा रॉड दोन फेरे कसून दिला आणि सांगितलं, स्प्रिंग ढिली झाली होती. स्प्रिंग ढिली आहे की नाही, हे मात्र कोणीच मोजलं नव्हतं. ते मोजायचं कसं, आणि खरंच गेली असेल तर बदलायची कशी, हे नीट लिहून ठेवतो.

टर्बोत एकाच दांड्यावर दोन पंखे असतात. सायलेन्सरकडे निघालेला धूर एक पंखा फिरवतो, दुसरा पंखा हवा दाबून इंजिनात भरतो. धूर वाढला की दाब वाढतो, आणि त्याला आवर घातला नाही तर इंजिन फुटेपर्यंत वाढेल. म्हणून धुराच्या बाजूला एक छोटी झडप असते, वेस्टगेट. टर्बोला बाहेरून लावलेल्या पत्र्याच्या डबीतून निघणारा रॉड या झडपेला जोडलेला असतो, आणि झडप बंद धरायचं काम डबीतल्या स्प्रिंगचं. दाबलेली हवा एका बारीक होजमधून डबीत येते, आतल्या रबरी पडद्याला ढकलते. तिचा जोर स्प्रिंगपेक्षा वरचढ झाला की रॉड पुढे सरकतो, झडप उघडते आणि थोडा धूर पंख्याला वळसा घालून निघून जातो. इंजिनाला किती हवा मिळणार, ते ही स्प्रिंग ठरवते. पट्ट्यावर चालणाऱ्या सुपरचार्जरच्या बायपासलाही अशीच स्प्रिंग असते आणि तीही झडप बंदच धरते. पण तिथे झडप उघडते व्हॅक्यूमच्या ओढीने, आणि वळसा घालते ती हवा, धूर नाही.

आधी तुमची गाडी कुठल्या जातीची ते बघा. इंजिन थंड असताना रॉडवर नजर ठेवून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. इंजिन सुरू होताक्षणी रॉड आत ओढला गेला, तर ती व्हॅक्यूमची डबी, बहुधा आत हलत्या पात्यांचा टर्बो. डबीला वायरींचा मोठा प्लग असेल तर ती मोटरवर चालणारी. या दोन्हींना इथे लिहिलेलं लागू नाही, त्यांच्या रॉडला हात लावू नका. रॉड जागचा हलला नाही आणि बारीक होज टर्बोच्या हवेच्या बाजूकडून आलेला असेल, तर पुढे वाचा.

डबीवर संशय घेण्याआधी हवेचा रस्ता तपासायचा. एअर फिल्टर काढून बघा. आमच्याकडे जिनिंगच्या हंगामात कापसाची तूस फिल्टरवर गोधडीसारखी बसते. मग टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकूलरपासून इंजिन, दोन्ही जाड होज हाताने दाबून, वाकवून बघा. चीर बहुतेक वेळा खालच्या अंगाला, क्लिपच्या कडेला असते, म्हणून उभ्याने दिसत नाही. जिथे तेलकट धूळ चिकटली आहे तिथे साबणाचं पाणी लावा आणि कोणाला तरी रेस द्यायला सांगा. बुडबुडा आला की आजार सापडला. केळीवाल्याच्या गाडीत अर्ध्या बोटाची चीर होती. दाबलेली हवा रस्त्यातच निसटत होती, काळा धूर त्याचाच.

डबीचा बारीक होजही बघाच. तो फाटला तर उलटंच होतं: डबीपर्यंत दाब पोहोचत नाही, झडप उघडत नाही, दाब हद्दीबाहेर जातो. सेन्सरवाली गाडी मग स्वतःच डिझेल कमी करते, आणि ड्रायव्हरला वाटतं दम गेला. तक्रार तीच, कारण अगदी उलटं. अशा गाडीचा रॉड कसणं म्हणजे तापात पांघरूण घालणं.

आता स्प्रिंगची परीक्षा. टर्बो पूर्ण थंड हवा, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. लागेल ते असं: पायाने मारायचा पंप, 0 ते 2 किलो दाबाचं (1 किलो म्हणजे जवळपास 1 बार) वेगळं गेज, एक टी-जॉइंट, होजचे तुकडे, 8 आणि 10 चे पाने, पक्कड, मार्कर. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी डबीला थेट लावू नका. त्या टाकीतला दाब डबीच्या कितीतरी पट असतो, पडदा एका फटक्यात फाटतो.

पहिल्यांदा रॉडच्या टोकाचं लॉक काढा. ते नखाएवढं असतं आणि उडून चेसिसमध्ये हरवतं, म्हणून खाली फडकं धरा. रॉड पिनवरून उतरवा आणि झडपेचा दांडा हाताने हलवा. तो अडकता कामा नये, खुळखुळताही कामा नये. काजळीने जाम असेल तर गंज सोडवणारं तेल मारून हळूहळू मोकळा करा, हातोडी नको. ही पायरी गाळणारे पुष्कळ आहेत, आणि मग जाम झडपेचा दोष स्प्रिंगवर जातो.

रॉड परत अडकवा, डबीला पंप जोडा, सावकाश दाब द्या. दोन गोष्टी टिपायच्या: रॉड कोणत्या दाबाला हलायला लागतो, आणि दाब देऊन थांबल्यावर गेजचा काटा मिनिटभर टिकतो का. काटा उतरत असेल तर आधी तुमचे जोड तपासा, मग पडदा फाटला समजा. काटा टिकतो पण रॉड ठरल्यापेक्षा खूप आधी हलतो, तर स्प्रिंग थकली आहे किंवा रॉड लांब लावला आहे. ठरलेला आकडा टर्बोच्या पट्टीवरच्या नंबरवरून मिळतो, सर्व्हिस मॅन्युअलमधून किंवा टर्बो दुरुस्तीवाल्याकडून. माझ्याकडे आलेल्या गाडीचा आकडा इथे मुद्दाम देत नाही, तो तुमच्या गाडीला चालेलच असं नाही. एकक मात्र सांभाळा: 1 बार म्हणजे साधारण 14.5 पीएसआय. आणि गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर दाब बघत असाल तर त्यात बाहेरच्या हवेचा सुमारे 1 बार बहुधा मिळवलेला असतो. स्कॅनर 2 म्हणाला तर तुमचं गेज 1 दाखवेल.

कंपनीच्या डबीचा पत्रा कडेने दाबून बंद केलेला असतो, आतली स्प्रिंग वेगळी मिळत नाही, आख्खी डबीच बदलायची. स्क्रू काढून स्प्रिंग बदलता येते अशा डब्या बाजारात आहेत, पण रोज ओझं ओढणाऱ्या गाडीला मी त्या लावत नाही.

जुनी डबी काढण्याआधी रॉडचे दिसणारे आटे मोजून लिहून घ्या, फोटो काढा. ब्रॅकेटच्या नटांना आदल्या दिवशीच तेल मारून ठेवा, उष्णतेने ते इतके भाजलेले असतात की जोर केला तर स्टडच तुटतो. नवी डबी ब्रॅकेटवर कसा, रॉडचं टोक अजून पिनवर घालू नका. झडपेचा दांडा हाताने बंद बाजूला पूर्ण दाबून धरा. आता रॉडचं भोक पिनच्या थोडं अलीकडे, एक-दोन मिलिमीटर आखूड पडलं पाहिजे, म्हणजे रॉड किंचित ओढूनच अडकवावा लागेल. हाच स्प्रिंगचा ताण. सैल हाताने भोक पिनवर बसलं तर झडप नीट बंद होणार नाही.

लांबी बदलताना रॉड पक्कडीने घट्ट धरा आणि टोक किंवा नट फिरवा. रॉड स्वतःभोवती फिरला तर आतला पडदा पिळवटतो. त्या केळीवाल्याच्या डबीचं तेच झालं होतं: स्प्रिंग चांगली, पण कसणाऱ्याने रॉड न धरता नट फिरवला, पडदा फाटला. होजच्या चिरेवर भागलं असतं तिथे नवी डबी लागली. रॉड 6 मिलिमीटरचा, नेहमीच्या आट्याचा असेल तर एक फेरा म्हणजे 1 मिलिमीटर. मी अर्ध्या फेऱ्याने जातो आणि दर वेळी पंप लावून पुन्हा मोजतो. रॉड आखूड केला की झडप उशिरा उघडते, दाब वाढतो. लांब केला की कमी.

दम कमी वाटला की आखूड करावंसं वाटतं, ते मला ठाऊक आहे. मी नवीन होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाने आग्रह केला म्हणून गेज न लावता दोन फेरे कसले. महिनाभर तो खूश होता. मग भर उन्हाळ्यात, भरल्या गाडीचं घाटातच हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, गेलं. त्याची बायको आणि लहान मूल गाडीत होतं, रात्र त्यांनी रस्त्यावर काढली. तेव्हापासून आकड्यावाचून मी रॉडला पाना लावत नाही. आणि मे महिन्यातला थोडा अशक्तपणा गाडीचा नसतोच: 45 अंशांची हवा 20 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 8 टक्क्यांनी विरळ असते. ती कसर स्प्रिंग कसून भरून काढायची नाही.

आकडा जुळला की लॉक-नट कसा, पिनचं लॉक नवं घाला, जुनं पसरलेलं असतं. नट आणि रॉडवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. बारीक होजमध्ये टी घालून गेज केबिनमध्ये आणा आणि ओझ्यासकट चढावर जा. गेजकडे शेजारी बसलेल्याने बघायचं, चालवणाऱ्याने रस्त्याकडे. काटा चढून आकड्यापाशी स्थिर राहिला पाहिजे. पुढे पळत सुटला तर लगेच पाय काढा, बारीक होज निसटला असेल.

पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत बोलवा आणि ती रेघ बघा. दोन तुकडे झाले असतील तर नट फिरला आहे, पंप पुन्हा लावा. मी तारीख, किलोमीटर आणि दाबाचा आकडा दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवतो, पुढे गाडी ज्याच्या हातात पडेल त्याला अंदाजाने फिरवावं लागू नये म्हणून.