खांद्याच्या ऑपरेशननंतरची टेप : या चुका टाळा

अमळनेरकडचे एक काका. खांद्याची फाटलेली 'नस' शिवून पाच आठवडे झाले होते. मी किनेसिओ टेप, म्हणजे कातडीवर चिकटवायची ताणली जाणारी कापडी पट्टी लावली, दुखणं उतरलं. चौथ्या दिवशी आले ते दुसऱ्या हाताने तो हात धरूनच. "काहीच दुखे नही ताई, म्हणीसन म्हशीची बादली उचली." टेप जागच्या जागी होती, एक कोपराही सुटला नव्हता. धोका होता तो आतल्या टाक्यांना.

फिजिओथेरपीत मला सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच : टेपने दुखणं थांबलं म्हणजे खांदा बरा झाला असं समजणं. आपण जिला नस म्हणतो तो खरा स्नायुबंध, स्नायूला हाडाशी जोडणारा. ऑपरेशनमध्ये तो हाडाला पुन्हा बांधतात, पण हाडाशी एकजीव व्हायला त्याला महिने लागतात. म्हणून साधारण पहिले चार ते सहा आठवडे हात झोळीत असतो, मग हळूहळू स्वतःच्या ताकदीने हालचाल, आणि वजनाचे व्यायाम बहुधा बारा आठवड्यांच्या पुढे. फाट मोठी असेल तर आणखी उशिरा. टेप कातडीवर असते, तिला टाके धरून ठेवता येत नाहीत. ती दुखणं थोडं कमी करते आणि खांदा पुढे झुकला की आठवण देते, एवढंच. २०२१ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने खांद्याच्या स्नायुबंधांच्या दुखण्यावर या टेपचा आढावा घेतला, त्यातही फायद्याचा खात्रीचा पुरावा सापडला नाही. तरी मी ती वापरते, कारण काही जणांना तिच्यामुळे व्यायाम सोपा जातो. व्यायामाऐवजी मात्र कधीच नाही.

दुसरी चूक मोबाईलवरच्या व्हिडिओंमुळे होते, आणि ती मला जास्त घाबरवते. त्यात टेप लावताना हात पाठीमागे वळवून कमरेवर ठेवायला आणि मान उलट्या बाजूला झुकवायला सांगतात, म्हणजे कातडी ताणली जाते. निरोगी खांद्याला ते चालतं. नुकत्याच शिवलेल्या स्नायुबंधावर नेमका याच स्थितीत ताण येतो! सुरुवातीच्या आठवड्यांत टेप लावायचीच असेल तर हात आधारावर, शरीराजवळ ठेवून, आणि सर्जनच्या परवानगीनेच.

टेप जोरात ओढून लावली म्हणजे जास्त गुण येतो, असं नसतं. कागदावर ती मुळातच थोडी ताणलेली असते. दोन्ही टोकांची दोन-तीन बोटं बिनताणाची चिकटवा. टोकं ओढली की तिथेच फोड येतात. कोपरे कात्रीने गोल करा, नाहीतर सदऱ्याला अडकून सुटतात. दुकानातली साधी चिकटपट्टी किंवा खेळाडूंची न ताणणारी पांढरी टेप यासाठी नाही.

आता आपल्या उन्हाचं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि टेप दुपारपर्यंत लोंबते. बहुतेक वेळा कारण घाम नसतो, अंगावरचं तेल असतं. आदल्या रात्री आई-आजीने मायेने मालिश केलेली असते, वर टाल्कम पावडर. त्यामुळे त्या दिवशी तेल-पावडर नाही, सकाळी साबणाने धुऊन कातडी पूर्ण कोरडी करा, दाट केस कातरा. चिकटवल्यावर तळहाताने घासा, या डिंकाला ऊब लागते. नंतर तासभर घाम येईल असं काम नको. आंघोळीनंतर टॉवेलने टिपा, हेअर ड्रायर नको. तीन ते पाच दिवस पुरे.

जखमेवर, टाक्यांवर, खपलीवर कधीही टेप नको. दुर्बिणीच्या ऑपरेशनची भोकं लहान दिसतात, पण तीही जखमच. खाज किंवा लाल चट्टे आले की लगेच काढा, सहन करत बसू नका. मधुमेह असेल किंवा वयाने कातडी पातळ झाली असेल तर आधीच सांगा.

काढताना खसकन ओढू नका. कडांना खोबरेल लावा, थोडं थांबा, मग एका हाताने कातडी दाबून केसांच्या दिशेने हळू सोडवा.

टेपशी संबंध नसलेली चार लक्षणं दिसली तर सरळ सर्जनकडे जा : ताप, जखमेतून पाणी किंवा पू, बोटांना बधिरपणा, आणि काल उचलला जाणारा हात आज अचानक न उचलणं.