थर लावायच्या आधी: गोविंदा पथकासाठी तयारीची यादी

गुरुपौर्णिमेला नारळ फुटतो, सराव सुरू होतो आणि दहीहंडीपर्यंत, म्हणजे श्रावण वद्य नवमीपर्यंत, हाती जेमतेम सव्वा महिना उरतो. थर कसे लावायचे हे तुमचा कोच सांगेलच. ही यादी पथकाच्या कार्यकर्त्यांसाठी आहे, म्हणजे जे थरात नसतात आणि ज्यांच्याकडे वही, पिशवी आणि फोन असतो त्यांच्यासाठी.

सुरुवात वहीपासून करा. प्रत्येक गोविंदाचं नाव, आधार कार्डावरची जन्मतारीख, रक्तगट, घरचे दोन फोन नंबर, जुनं फ्रॅक्चर, फिट किंवा दमा असेल तर तेही लिहून घ्या. जन्मतारीख तोंडी घेऊ नका, कार्ड बघा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली वीस फुटांची मर्यादा आणि अठरा वर्षांची अट घातली होती. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१७ मध्ये उंचीची अट निघाली, मात्र वयाची अट अठरावरून चौदावर आली: चौदा वर्षांखालच्या मुलांना थरात घ्यायचं नाही. एक्का, म्हणजे सगळ्यात वर चढणारा, हलका हवा म्हणून दहा-अकरा वर्षांचं पोर वर चढवणारी पथकं अजूनही आहेत. २०२५ साली दहिसरला सरावातच पडून एका शाळकरी मुलाचा जीव गेला. त्यामुळे ‘सरावापुरता चढू दे’ हे वाक्य कुणी बोललं तर तिथेच थांबवा. चौदा पूर्ण झालेल्या मुलाच्या घरून लेखी परवानगी घ्या आणि त्याच्या आईला किंवा वडिलांना एकदा तरी सरावाला बोलवा. लेकरू नेमकं किती वर उभं राहतं हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असावं.

वही तयार असली की विम्याचं काम सोपं होतं. २०२२ पासून राज्य सरकारने गोविंदांसाठी विम्याची सोय केली असून मृत्यू झाल्यास दहा लाखांची भरपाई ठरवली आहे. नावं वेळेत भरावी लागतात. आदल्या दिवशी धावपळ करणाऱ्या पथकाची निम्मी पोरं यादीबाहेर राहतात, आणि नेमकी नवी पोरंच राहतात.

आता थरांचा आकडा. २०१२ साली ठाण्यात नऊ थरांची उंची ४३.७९ फूट मोजली गेली होती, म्हणजे थरामागे पाच फुटांना थोडं कमी. या हिशेबाने सहा थर म्हणजे चाळीच्या दुसऱ्या मजल्याचं छत. मंडपासमोर ‘सात लावा, एवढे देतो’ अशी घोषणा होते तेव्हा हा हिशेब कुणाला आठवत नाही, म्हणून आकडा सरावातच ठरवायचा: जेवढे थर सरावात कुणाला इजा न होता पुन्हापुन्हा लागले आणि उतरले, तेवढेच त्या दिवशी. ‘उतरले’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सलामी झाली, टाळ्या पडल्या, पोरांचं लक्ष सुटलं की मनोरा डगमगतो. सरावाची निम्मी वेळ उतरण्यावर घालवा.

थर उतरवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे हवा, आणि त्याच्या गळ्यात शिट्टी. डीजेच्या भिंतीपुढे ओरडून काही ऐकू जात नाही, तेव्हा शिट्टीबरोबर हाताची खूणही ठरवा. हा माणूस थरात नसावा, अध्यक्ष नसावा आणि बक्षिसाची बोलणी करणारा तर नसावाच. शिट्टी वाजली की सगळे उतरणार, का म्हणून विचारायचं नाही. भांडण नंतर नाक्यावर.

सुरक्षा दोराबद्दल जरा सविस्तर, कारण इथे देखावा फार चालतो. कमरेला नुसता पट्टा आणि मागे दोर, एवढ्याने काम होत नाही. लटकल्यावर तो पट्टा पोटात रुततो, कधी पोर उलटं होतं. खांदे आणि मांड्या दोन्ही धरणारा हार्नेस घ्या आणि तो मुलाच्या मापाचा आहे ना ते बघा. दोर गिर्यारोहणाचा हवा, कपडे वाळत घालायचा नायलॉन चालणार नाही. हूक लॉक होणारा असावा. दोर क्रेनवरून किंवा पक्क्या तुळईवरून येऊन खाली शिकलेल्या माणसाच्या हातात असला पाहिजे. मूल वर चढत जाईल तसा त्याने ढिला दोर ओढून घ्यायचा. दहा फूट ढिला सोडलेला दोर असला काय आणि नसला काय. मुंबईत गिर्यारोहण करणारे मराठी ग्रुप भरपूर आहेत. एखाद्या रविवारी त्यांना सरावाच्या मैदानावर बोलवा, चहा-वडापाववर दोन तास शिकवतील. हार्नेस सरावातही बांधायचा. आणि आयोजकाकडे दोर बांधायची सोय नसेल तिथे वरचे तीन थर लावायचे नाहीत, फक्त खालचे लावून सलामी द्यायची आणि पुढे निघायचं. हेल्मेट हनुवटीखाली बंद केलेलं हवं. साखळ्या, अंगठ्या, कडी, घड्याळं वहीवाल्याकडे जमा. तोंडात गुटखा किंवा च्युइंगम नको, पडताना घशात अडकतं.

मैदान रोज बघा. पावसात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं आणि तळथरातल्या एकाचा पाय सरकला तर बाकीच्या मेहनतीवर पाणी. गाद्या व्यायामशाळेतून किंवा शाळेच्या जिमखान्यातून मागून आणता येतात. तळथराभोवती माणसांचा दाट घेरा हवा, हात वर आणि नजर वर. स्पेनच्या कॅटलोनियात असेच मानवी मनोरे रचतात. तिथे या खालच्या गर्दीला ‘पिन्या’ म्हणतात आणि गावातली म्हातारी माणसंही तीत उभी राहतात. आपल्याकडे घेऱ्यातली निम्मी माणसं मोबाइलवर शूटिंग करत असतात. घेऱ्यात फोन बंद, हा नियम पहिल्या दिवसापासून लावा.

पडल्यावर काय करायचं याचा सराव थरांइतकाच करा. मनोरा कोसळला की आपली पोरं प्रेमापोटी जखमीला हात-पाय धरून उचलतात, आणि मानेला किंवा मणक्याला इजा असेल तर नुकसान तिथे होतं. हलवायचं नाही. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं आणि मान आहे तशी धरायची, दुसऱ्याने १०८ लावायचा, तिसऱ्याने गर्दी मागे सारायची. शुद्ध हरपली असेल तर श्वास चालू आहे ना ते आधी बघा. हेल्मेट ओढून काढू नका, पाणी पाजू नका. उलटी झाली, गुंगी आली, हातापायाला मुंग्या आल्या किंवा हालचाल होईना, तर ‘बसू दे जरा, होईल बरं’ म्हणायचं नाही. स्ट्रेचर मंडळाचं स्वतःचं असावं. दुसऱ्या थरावर मनगटं आणि खांदे सुजणं नेहमीचं, त्यासाठी बर्फ, पट्ट्या, लाकडी पट्टी पिशवीत ठेवा. गल्लीतल्या डॉक्टरांना आणि एखाद्या फिजिओथेरपिस्टना आधीच भेटा. परळ-लालबागचं पथक असेल तर केईएम, घाटकोपरचं असेल तर राजावाडी, जोगेश्वरीचं असेल तर तिथलं ट्रॉमा रुग्णालय. पण पथक दिवसभर शहरभर फिरतं, म्हणून मार्गावरच्या प्रत्येक हंडीपुढे जवळच्या पालिका रुग्णालयाचं नाव वहीत लिहा.

आयोजकांकडेही दोन दिवस आधी कुणाला तरी पाठवा. हंडीजवळून विजेची वायर जाते का, रुग्णवाहिका उभी राहील अशी वाट मोकळी ठेवलीय का, दोर कशाला बांधलाय. हंडी बांधणाऱ्याची काळजी तर कुणीच घेत नाही. २०२५ मध्ये मानखुर्दला दोर बांधताना पडूनच एकाचा मृत्यू झाला. त्यालाही हार्नेस हवा आणि खाली गादी हवी. आपल्या चाळीत हंडी असेल तर गॅलरीतल्या मंडळींशी आधी बोलून घ्या: पाणी टाकायचं ते थर उतरल्यावर, पिशव्या आणि बर्फ अजिबात नाही. हे सांगायला पोरांपेक्षा चाळीतल्या काकूंना पाठवा, त्यांचं ऐकतात.

त्या दिवसाचं थोडक्यात. अष्टमीचा उपास केलेल्यांनी सकाळी पोटभर खाऊन निघायचं. दर दोन हंड्यांनंतर पाणी, केळी, लिंबू सरबत. केळ्याच्या साली मात्र पिशवीत. प्यायलेला माणूस थरात नाही, घेऱ्यातही नाही, कितीही जुना असो. ट्रकच्या टपावर कुणी नाही. बाइकवर दोघेच आणि दोघांनाही हेल्मेट, कारण रात्री परतताना होणारे अपघातही त्याच दिवसाच्या खात्यात जातात. दुपारनंतर पाय थकतात, तेव्हा शेवटच्या हंड्यांना एक थर कमी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहीतल्या प्रत्येकाला फोन करा. डोक्याला लागलेलं कधीकधी रात्रभराने कळतं. डोकेदुखी वाढली किंवा उलटी झाली म्हणाला, तर त्याला थेट रुग्णालयात न्या. केसपेपर आणि बिलांच्या प्रती विम्यासाठी त्याच आठवड्यात गोळा करा, आणि कोण कुठल्या थरावरून, चढताना की उतरताना पडलं ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या गुरुपौर्णिमेला कोच ती पानं मागेल.