कोमातल्या पेशंटला ऑक्सिजन चेंबरला न्यायचं ठरवताय? आधी एवढं करा

मी धुळे-जळगाव पट्ट्यात घरोघरी जाऊन फिजिओ करते. हायवेवरचा ॲक्सिडेंट, ब्रेन हॅमरेज, हार्ट बंद पडून परत सुरू झालेलं, असे पेशंट आयसीयूतून घरी येतात, डोळे उघडतात पण कोणाला ओळखत नाहीत, आणि मग कोणीतरी पाहुणा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवतोच की हायपरबॅरिक चेंबरमध्ये ठेवलं अन माणूस उठून बसला. लगेच वावर गहाण टाकायची बोलणी सुरू होतात. थांबा जरा.

चेंबर म्हणजे बंद टाकी. आत हवेचा दाब नेहमीच्या दीड ते अडीच पट करतात आणि तास-दीड तास शुद्ध ऑक्सिजन देतात, त्याच्यामुळे तो रक्ताच्या पाण्यातही जास्त विरघळतो. कार्बन मोनॉक्साईडची विषबाधा, गॅस गँगरीन, डायबेटिसची पायाची न भरणारी जखम यांना ही मान्य ट्रीटमेंट आहे. शुद्ध हरपलेल्या पेशंटसाठी मात्र ती अजून सिद्ध झालेली नाही. डोक्याला मार लागलेल्यांवरचा 2012 चा कोक्रेन रिव्ह्यू आहे, म्हणजे सगळे अभ्यास एकत्र तपासून काढलेला आढावा, त्यात मृत्यू कमी झाल्याचं दिसलं पण वाचलेले लोक पुढे चांगले झाले असा भक्कम पुरावा मिळाला नाही. आणि ॲक्सिडेंटचा पेशंट पहिल्या वर्षात आपोआपही सुधारू शकतो, व्हिडिओतला माणूस कशाने उठला ते सांगता येत नाही. अमेरिकन न्यूरॉलॉजी अकॅडमीच्या 2018 च्या गाइडलाइनमध्ये, डोक्याला मार लागून एक ते चार महिने झालेल्या मोठ्या माणसांना अमांटाडीन नावाची गोळी सुचवलीय, तिच्याबद्दल न्यूरोच्या डॉक्टरांना आधी विचारा. चेंबरच्या मानाने ती फार स्वस्त पडते.

पहिलं काम म्हणजे पेशंट आज नेमका कुठे आहे ते मोजून घेणं. सीआरएस-आर नावाची, शुद्ध किती परतली ते मोजणारी 23 मार्कांची स्केल असते, ती एकदा करून भागत नाही, दोन आठवड्यात निदान पाच वेळा वेगवेगळ्या वेळी करायला सांगा, कारण नुसत्या वरवरच्या तपासणीत "काहीच कळत नाही" या खान्यात टाकलेल्या शंभरातले चाळीसेक पेशंट तिथे चुकीने गेलेले असतात असं अभ्यासात निघालंय. नजर फिरते का बघायला टॉर्च नको, हातातला आरसा घ्या, त्याच्या तोंडासमोर धरून हळू डावीकडे-उजवीकडे न्या, माणूस स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर नेतो तशी दुसऱ्या कशामागे नेत नाही. आणि हुकूम त्याच्या घरच्या बोलीत द्या. आयुष्यभर अहिराणी बोललेल्या आबांना "कृपया माझ्याकडे पहा" म्हणून काय उपयोग, त्यांच्या लेकीनेच "आबा, मन्हाकडे देख" म्हणायला पाहिजे.

आता तयारी, आणि इथे मी सगळ्यात जास्त आग्रह धरते. शुद्धीवरचा माणूस कान दुखला की सांगतो, आवंढा गिळून कान मोकळे करतो, आपल्या पेशंटला दोन्ही जमत नाही. म्हणून आधी ईएनटीकडे कान दाखवा, पडद्याला बारीक छेद किंवा नळी लागेल का ते स्पष्ट विचारा. दाब चढताना कपाळाला आठी पडली, मान हलली, पल्स वाढली तर टेक्निशियनने तिथेच थांबायचं, हे त्याच्याशी आधीच बोलून ठेवा. छातीचा एक्स-रे पाहिजेच, फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल तर चेंबर जिवावर बेततो. गळ्याला ट्रॅक्यो, म्हणजे श्वासाची नळी, असेल तर तिच्या कफमध्ये (नळीभोवतीच्या फुग्यात) हवेऐवजी सलाईन भरतात ना, विचारा. फिटचा इतिहास, डोक्यातला शंट (पाणी काढायला बसवलेली नळी), पेसमेकर, काढून ठेवलेलं कवटीचं हाड, सगळं सांगा. डायबेटिस असेल तर आधी-नंतर शुगर तपासा, आत ती उतरते. नाकातल्या नळीतून फीड किती वेळ आधी बंद करायचं तेही विचारा, कारण दाब उतरताना पोटातली हवा फुगते.

डोक्याला तेल लावून नेऊ नका माय, आपल्याकडे आंघोळीनंतर हात आपोआप बाटलीकडे जातो म्हणून सांगते. तेल, क्रीम, व्हॅसलीन, नायलॉनचं ब्लँकेट, मोबाईल, काही नको, फक्त सुती कपडे. ऑक्सिजनमध्ये एक ठिणगी पुरते, 2025 च्या जानेवारीत अमेरिकेत मिशिगनमध्ये पाच वर्षांचं पोरगं अशा चेंबरच्या आगीत गेलं.

नाशिक, मुंबई, सुरत, कुठेही न्या, पण एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी काढू नका, पहाटे निघा, सक्शन मशीनला बॅटरी आहे का बघा, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर चेंबरच्या नादात पाठीला जखम घेऊन याल.

पैसे भरायच्या आधी किती प्रेशर, किती सेशन आणि कितव्या सेशनला थांबून तीच स्केल परत करणार हे कागदावर घ्या. "जितके जास्त तितकं चांगलं" म्हणत असतील तर उठून या. मेडिक्लेममध्ये "अनप्रूव्हन ट्रीटमेंट" वगळलेली असते, फुले योजनेत बसतं का तेही आरोग्यमित्राला आधीच विचारा. फुगणाऱ्या कापडी चेंबरवाल्यांच्या नादी लागू नका, त्यात दाब जेमतेम 1.3 पट होतो.

सेशन झाल्यावर दरवेळी ऑटोस्कोपने दोन्ही कान बघायला लावा, पडदा लाल किंवा रक्त दिसलं तर पुढचं सेशन डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय करू नका.