फवारणीवाल्या मजुरांची एकी कशी बांधायची

मजुरांची मीटिंग फवारणी सुरू झाल्यावर घेऊ नका, मृगाच्या आधीच घ्या. आमच्या नागपूर जिल्ह्यात हिंगणा-काटोलकडे फवारणी बऱ्याचदा पंपावर ठरते, जितके पंप तितके पैसे, मग माणूस वारा बघत नाही, ऊन बघत नाही, हात न धुताच भाकर खातो. आणि एकट्याने मास्क मागितला की मालक उद्या दुसऱ्याला बोलावतो. म्हणून दहा-पंधरा जणांनी मिळूनच बोलायचं, आणि पंपाऐवजी रोजीवर काम मागायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं.

मीटिंग रात्री जेवणं झाल्यावर, समाजमंदिरात नाहीतर बुद्धविहारात ठेवा. बायांना बोलवाच. पाणी आणणं, ड्रममध्ये औषध कालवणं बरेचदा त्याच करतात, घरी येऊन फवारणीचा शर्ट लेकरांच्या कपड्यांत त्याच धुतात, तरी फवारणीवाले मोजताना त्यांना कोणी धरत नाही. छोट्या शेतकऱ्यालाही बोलवा, तो स्वतःच पंप पाठीवर घेतो, तो काही आपला दुश्मन नाही.

मागायचं काय? हातमोजे, मास्क, चष्मा, धुऱ्यावर साबण-पाणी, भर दुपारी फवारणी बंद, दोन-तीन औषधं एकत्र कालवायची नाहीत. 2017 साली आपल्या विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून जास्त माणसं गेली, हे कुणी कुरकुर केली तर शांतपणे सांगा.

गटातल्या एकाने मोबाईलवर प्रत्येक डब्याच्या लेबलचा फोटो काढायचा. लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जास्त विषारी. माझे काका वावरातून आले तेव्हा तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि डॉक्टर विचारतात औषध कोणतं, तर आम्हाला फक्त "पिवळ्या झाकणाचं" एवढंच माहीत! काका वाचले, पण तो फोटो असता तर... असो. कोणाला चक्कर, मळमळ, घाम सुटला तर कपडे काढून अंग साबणाने धुवा, उलटी करवू नका, 108 ला फोन करा, लेबल सोबत न्या.

1 मेच्या ग्रामसभेत लेखी अर्ज द्या, की आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पावसाळ्याआधी अॅट्रोपिनचा, म्हणजे अशा विषबाधेवर देतात त्या औषधाचा, साठा हवा, आणि अर्जाची पोच घ्या. शेतकऱ्यांच्या अपघात योजनेला सातबारा लागतो, मजुराकडे तो कुठून येणार, म्हणून त्याच आठवड्यात सगळ्यांनी मिळून बँकेत जाऊन वर्षाला 20 रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा (अपघात विमा) काढून घ्या.