छाटकलमाने जास्वंदीची रोपे घरी कशी तयार करावीत

जास्वंद, तगर, अनंत, मोगरा ही अंगणातली फुलझाडे बहुधा छाटकलमानेच, म्हणजे फांदीचा कापलेला तुकडा (छाट) रुजवून, वाढवली जातात. दुहेरी पाकळ्यांच्या जातींना बी क्वचितच धरते आणि धरले तरी त्यापासून आलेले झाड आईच्या झाडासारखेच फुलेल याची खात्री नसते. फांदीपासून केलेले रोप मात्र त्याच रंगाचे, त्याच घडणीचे फूल देते.

छाटाला मुळे नसतात, त्यामुळे पाने जितके पाणी उडवतात तितके तो शोषू शकत नाही, ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढच्या प्रत्येक कृतीचे कारण आपोआप कळते. पावसाळ्याचा काळ सर्वांत सोयीचा असतो तोही याचमुळे. हवा दमट असते आणि पाने लवकर सुकत नाहीत.

फांदी निवडताना टोकाची हिरवी, लवचिक फांदी टाळावी, कारण ती कुजते. आणि बुंध्याजवळची फार जून फांदीही नको, कारण तिला मुळे सुटायला वेळ लागतो. साल तपकिरी होऊ लागलेली, पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी सकाळी कापावी. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण ही कीड बऱ्याचदा असते, तेव्हा पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर ती फांदी घेऊच नये.

धारदार, स्वच्छ पुसलेल्या कात्रीने १५ ते २० सेंटीमीटरचे, चार-पाच डोळे (पालवी फुटण्याच्या जागा) असलेले तुकडे करावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका घ्यावा, वरचा काप डोळ्याच्या किंचित वर आणि सरळ. यामुळे खालची बाजू ओळखता येते. उलटा लावलेला छाट सहसा जगत नाही. वरची दोन पाने ठेवून बाकीची काढावीत, आणि ठेवलेली पाने मोठी असतील तर तीही निम्मी कापावीत. कळ्या असल्यास निर्दयपणे खुडाव्यात. मुळे फुटण्याची पावडर मिळाली तर खालच्या टोकाला लावून जादा पावडर झटकावी. साध्या लाल जास्वंदीला तिची गरज पडत नाही, अनंताला मात्र तिचा चांगला उपयोग होतो.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि धुतलेली जाड वाळू समप्रमाणात मिसळून तळाला भोके असलेल्या कुंडीत भरावी. शेणखत या टप्प्यावर घालू नये, कारण उघड्या कापाला बुरशी लागण्याचा धोका त्याने वाढतो. काडीने आधी भोक पाडून, किमान दोन डोळे आत जातील असा छाट खोचावा आणि भोवतीचे मिश्रण बोटांनी घट्ट दाबावे. एकदा भरपूर पाणी देऊन वर पारदर्शक पिशवी सैल घालावी व ती दिवसातून एकदा थोडा वेळ काढावी. कुंडी उजेडात पण उन्हाबाहेर ठेवावी. कोकणात ती पागोळ्यांखाली येणार नाही हेही पाहावे, कारण त्या धारेने मिश्रण उकरले जाते आणि छाट हलतो.

यापुढचा काळ सर्वांत नाजूक असतो. दोन-तीन आठवड्यांत डोळ्यांतून पालवी फुटते आणि रोप लागले असे वाटते, पण ही पालवी बहुतेक वेळा फांदीत साठलेल्या अन्नावर आलेली असते. छाट उपटून पाहिला तर कापाच्या कडेला फक्त पांढरट, दाणेदार गाठ दिसते किंवा नुकती फुटलेली मुळे तिथेच तुटतात. म्हणून पाच-सहा आठवडे हात लावू नये. मिश्रण केवळ ओलसर ठेवावे, चिखल होऊ देऊ नये. तळाच्या भोकातून मूळ दिसले, किंवा छाट हलकेच ओढल्यावर तो धरून राहिला, की मगच रोप माती-शेणखताच्या कुंडीत हलवावे. पिशवी आठवडाभरात हळूहळू जास्त वेळ उघडी ठेवावी आणि त्यानंतर प्रथम सकाळचेच ऊन द्यावे.

तगर व कण्हेर कापल्यावर चीक येतो, तो थांबेपर्यंत छाट पाण्यात उभे ठेवावेत. कण्हेर पूर्ण विषारी आहे, त्यामुळे तिची पाने जनावरांच्या किंवा मुलांच्या वाटेत टाकू नयेत आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. बोगनवेलीला जास्वंदीपेक्षा जून, जाड लाकूड लागते आणि वेळही अधिक द्यावा लागतो. मोठ्या फुलांच्या संकरित जास्वंदी छाटाने सहज रुजत नाहीत, त्यांच्यासाठी दुसऱ्या जोमदार जास्वंदीवर कलम बांधणेच बरे.